बुधवारचं पाणी

"मूठ घट्ट बंद करा," रक्त घेणारी मुलगी म्हणाली आणि दंडाला रबरी पट्टा आवळून झाल्यावर तिने पहिल्यांदा नीट वर पाहिलं. पाहिलं मात्र, तिचा चेहराच फुलला. "अय्या, तुम्ही पाळकबाई ना? कारखान्याजवळच्या चर्चच्या? मला पहिला बाप्तिस्मा तुम्हीच दिलाय!" तोवर सुई आत गेली होती. साखर तपासायला बाई या दवाखान्यात नेहमीच येत, टोचण्याचं त्यांना काही वाटत नसे. फक्त आज रोजचा माणूस रजेवर होता आणि ही नवी होती. नळीत रक्त चढत होतं तशा त्या कौतुकाने हसल्या. बदल्यांमध्ये जन्म गेलेल्या पाळकाला असं कुणी ना कुणी भेटतंच. कुणाचं लग्न लावलेलं असतं, कुणाच्या आजोबांना माती दिलेली असते, आणि आपल्याला चेहरा आठवत नसला तरी आठवल्यासारखं करावं लागतं. बाईंना ते छान जमत असे. मग तो शब्द हळूच आत उतरला. "पहिला म्हणजे गं? बाप्तिस्मा काय, एकदाच असतो." "हो, तसा एकच हो. पण आमच्या कारखान्याकडच्या सगळ्या पोरांचे दोन झालेत ना. रविवारी तुमचा, आणि मग बुधवारी दुपारी मोठ्या चर्चमध्ये पक्का. मूठ सोडा आता." बाईंनी मूठ सोडली नाही. "सोडा ना मूठ, रक्त थांबतंय." मुलीने स्वतःच हलक्या हाताने त्यांची बोटं उलगडली. "पक्का कोण द्यायचं?" बाईंनी विचारलं, आणि आपला आवाज अगदी सहज आला म्हणून त्यांना बरं वाटलं. मुलगी हसायलाच लागली. "कोण म्हणजे? तुमचे मिस्टरच की! मोठ्या चर्चचे साहेब."

पुढे ती बरंच बोलली. तिला आता बाळ झालं होतं, मान धरायला लागलं होतं, आणि तिची आई केव्हाची मागे लागली होती की पाळकबाईंना कुठूनही शोधून काढ, पहिला त्यांच्याच हातचा होऊ दे, तुझा झाला तसा. "पक्का काय, नवीन पाळक करतीलच नंतर. पण पहिला तुमचा. आमच्यात तसंच चालत आलंय ना. याल ना बाई?" तिच्या बोलण्यात खोट काढायला तिळाएवढी जागा नव्हती. घरातल्या थोरल्या माणसाचा आशीर्वाद आधी घ्यावा आणि मग सरकारी काम उरकावं, इतक्या प्रेमाने ती सांगत होती. मध्येच तिला शंका आली असावी. "तुम्हाला ठाऊक होतं ना?" "ठाऊक नसायला काय झालं," बाई म्हणाल्या, "वय झालं, विसरायला होतं." खोटं बोलण्याची सवय नसूनही ते इतकं गुळगुळीत निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कोपराच्या खळग्यात कापसाचा बोळा दाबून धरत त्या बाहेर आल्या.

रस्ता रोजचाच होता. चाव्या बनवणारा, काचेमागे चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा, फुटपाथवर कुणीतरी वाळत टाकलेली गादी. बाई चालत होत्या आणि डोक्यात एकच शब्द फिरत होता: पक्का. शिवणकामात आधी धावदोरा घालतात, कापड जागेवर राहावं म्हणून. मग मशीनवर खरी शिलाई मारली की तो धावदोरा उसवून फेकून देतात. आपली कारखान्याकडची सगळी वर्षं म्हणजे धावदोरा. त्या चर्चमधला तांब्याचा वाडगा, तो पुसायला ठेवलेला पांढरा टॉवेल, हातात आलेलं कोमट, वळवळणारं मूल, त्याच्या टाळूवरची धडधडती मऊ जागा, आणि तिच्यावर पाणी सोडताना दर खेपेला आपल्या पोटात पडणारा खड्डा. त्या खड्ड्याला बाई देवाची भीती म्हणत. एकदाही ते काम सवयीने केलं नव्हतं. इतर पाळक टिंगल करत, बाई बाप्तिस्मा देतात की मुलाला न्हाऊ घालतात, एवढा वेळ कशाला. आणि तिकडे आया मनातल्या मनात म्हणत असणार, घाला बाई घाला, बुधवारी आहेच.

मेथडिस्ट मंडळीत बाप्तिस्मा एकदाच. हे काही बाईंचं मत नव्हतं, तो नियमच होता आणि साहेबांनाही तो पाठ होता; दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून ते शिकले होते. देणारा माणूस कसा आहे, शहाणा आहे की मूर्ख, यावर ते पाणी अवलंबून नसतं, काम देवाचं असतं. पुन्हा करायचं म्हणजे देवाला सांगायचं, मागच्या वेळी तुझं लक्ष नव्हतं. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि साहेबांनी बाईंपेक्षा जास्त गुण मिळवले होते, त्यावरून लग्नानंतर कितीतरी वर्षं ते बाईंना चिडवत.

कोपऱ्यावर बाई जरा थांबल्या. धाप लागली नव्हती, पण पाय पुढे टाकायचं कारण सापडेना. त्यांना दीक्षेचा दिवस आठवला. त्या मंडळीतली पहिली बाई पाळक, म्हणून लोक खिडक्यांतून वाकून बघत होते. त्या गुडघे टेकून बसल्या होत्या, बिशपांनी डोक्यावर हात ठेवला, मग रिवाजाप्रमाणे आधी दीक्षा झालेल्या पाळकांनी, त्यांत साहेबही होते, एकेक करून आपले हात ठेवले. त्यातला एक हात टेकलाच नाही. केसांच्या वर बोटभर अंतरावर तो नुसता धरलेला होता. वजन नव्हतं, ऊब मात्र येत होती. तो कुणाचा हे बाईंनी वर मान करून पाहिलं नाही. राहू दे, होईल सवय, असं त्यांनी त्या क्षणी ठरवलं आणि तेच धोरण त्यांनी जन्मभर चालवलं. पाळकगृहाचं दार वाजायचं. "पाळक आहेत का?" "मीच पाळक." "तसं नाही हो बाई, पाळक, पाळक!" मग बाई हसत म्हणायच्या, "पाळक आंघोळीला गेलेत, तोवर माझ्यावर भागवा." माणूस ओशाळून हसायचा आणि बसायचा. व्यासपीठ पुरुषाच्या उंचीचं होतं, त्यावरून बाईंचं कपाळच दिसे. सुताराने पायाखाली घ्यायला फळी करून दिली. झगा पुरुषाच्या मापाचा होता, शिंप्याने तो वीतभर कापला. लेक ठकू पोटात असताना तोच झगा पुन्हा उसवून सैल करावा लागला, आणि चर्चच्या समितीत एक जण म्हणाला होता की अशा अवस्थेत वेदीपाशी उभं राहणं बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, "प्रभूची आईही अशा अवस्थेत बरीच हिंडली होती." सगळे हसले होते. सगळं असं हसतखेळत झालं, यावर बाईंचा केवढा विश्वास होता!

निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी हेच तर म्हटलं. बाईंच्या काळात एकही घर फुटून दुसऱ्या पंथात गेलं नाही, हे जो तो सांगत होता. बाईंना त्याचं मनातून आश्चर्य वाटे. इतर ठिकाणी बाई पाळक येणार म्हटल्यावर निम्मी मंडळी उठून गेल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या. आपल्याकडे तसं का झालं नाही? घरोघरी गेलो म्हणून. आजाऱ्यांपाशी बसलो म्हणून. पाळक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या तरुण मुलींना त्या सांगत, लोक बदलतात गं, तुम्ही फक्त धीर सोडू नका. त्या मुली ते टिपून घेत. त्यातल्या कितीतरी आज कुठे कुठे पाळक होत्या, धीर धरून बसल्या होत्या. त्यांच्याही घरी कुणी साहेब होते का? बुधवारी दुपारी त्या स्वतः इस्पितळात जात, खाटेखाटेपाशी बसून प्रार्थना करत. संध्याकाळी थकून आल्या की साहेब चहा टाकून तयार असत. "दमलीस ना? बस, मी देतो." दर बुधवारी. आपला नवरा इतर नवऱ्यांसारखा नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी चारचौघींत मिरवलाही होता.

आणि मग ठकू आठवली.

आठवली म्हणजे काय, ती कुठे गेली होती म्हणून आठवायची. पण या सगळ्याच्या रांगेत ती येऊन उभी राहील असं बाईंना वाटलं नव्हतं. दीक्षेनंतर त्यांनी पहिला बाप्तिस्मा दिला तो आपल्याच मुलीला. साहेब पुढच्या बाकावर बसले होते, बापाच्या जागी, कोट घालून. ठकू रडली नाही, पाणी पडल्यावर तिने नुसतं तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली, आणि सगळं चर्च हसलं. शाळेत जायला लागली त्याच वर्षी तिला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि डॉक्टर बाहेर येऊन हात पुसत उभे राहिले. माती देतानाची उपासना बाईंनी स्वतः घेतली. लोकांना ते कठोर वाटलं. आईने रडायचं सोडून झगा घालून उभं राहायचं? पण बाईंना दुसरं काही करताच आलं नसतं. त्या खड्ड्याशी उभं राहून त्यांनी एकच गोष्ट घट्ट धरली होती. हिला याच हातांनी मी देवाला देऊन ठेवलं आहे, आज पुन्हा द्यायची नाही, ती दिलेलीच आहे. तेवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. त्यानंतरची सगळी वर्षंही त्या तेवढ्यावरच उभ्या होत्या. साहेब शेजारी मान खाली घालून होते.

कारखान्याच्या लोकांचं समजू शकते, बाई स्वतःशी म्हणाल्या. लोक घाबरतात. लेकराच्या बाबतीत तर कुणीही घाबरतं. साहेबांचंही समजू शकते. लोक दाराशी आले असतील, हट्टाला पेटले असतील, भिडस्त माणूस, नाही म्हणवलं नसेल. पण ठकूला कुणी नेलं नसेल. तिला कोण नेणार? ती या घरातली. तिचे आईबाप पाळक. तिच्या डोक्यावर पडलेलं पाणी एकदाच पडलेलं असणार, एकाच हाताने. एवढं राहू दे, बाकी सगळा धावदोरा असला तरी चालेल. जिन्याच्या पायऱ्या चढताना त्या हेच घोळवत होत्या, आणि दाराला किल्ली लावताना त्यांच्या लक्षात आलं की आपण प्रार्थना करत नाही आहोत, घासाघीस करतो आहोत.

साहेब खिडकीपाशी खुर्चीत होते. झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडलेला असे. बोलणं परत आलं होतं, पण तोंडाच्या एकाच बाजूने. "काय म्हणते साखर?" "उद्या कळेल. चला, आज डोकं धुवायचंय." मोरीत स्टुलावर त्यांना बसवायचं, पाठीला टेकू द्यायचा, खांद्यावर पंचा टाकायचा, हा सगळा सराव आता झाला होता. पाणी हाताने बघून बाईंनी पहिला मग ओतला. साहेबांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. केस आता इतके विरळ झाले होते की साबण थेट कातडीलाच लागे.

"दवाखान्यात कारखान्याकडची एक मुलगी भेटली," साबण चोळता चोळता बाई म्हणाल्या. "म्हणाली, तिचे दोन बाप्तिस्मे झाले. दुसरा बुधवारी. पक्का."

बोटांखाली ते डोकं एकदम स्थिर झालं. नळ ठिबकत होता. साहेबांनी डोळे उघडले नाहीत.

"हो," ते म्हणाले.

"हो काय?"

"केले मी. कुणी आणलं की करायचो."

"नियम ठाऊक असून? माझ्यापेक्षा जास्त गुण होते ना तुम्हाला?"

"ठाऊक असून." त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली, लांब वाक्याआधी ते तसं करत. "नाही म्हटलं असतं तर ते वर गेले असते. बिशपांकडे. कारखान्याजवळचं चर्च तुझ्याकडून काढून घेतलं असतं. मग तू कुठली पाळक? मुलांना गाणी शिकवत बसली असतीस. मी म्हटलं, या माझ्याकडे. गुपचूप. पाणीच तर आहे."

"पाणीच तर आहे," बाई म्हणाल्या.

"तू टिकलीस ना पण? टिकलीस की नाही?"

बाईंचे हात थांबले होते. संतापायला हवं होतं; इतकी वर्षं लोकांना उपदेश करून कुठल्या वेळी काय वाटायला हवं हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. पण त्यांना नुसतं हलकं आणि पोकळ वाटत होतं, सामान हलवल्यानंतरच्या खोलीसारखं. आपल्याला टिकवलं गेलं. आपण टिकलो नाही. आपल्या पायाखाली सुताराने जशी फळी ठेवली तशी नवऱ्यानेही एक ठेवली होती, आणि ती दिसू नये एवढी काळजी त्याने घेतली होती. हे प्रेम होतं. तेच तर भयंकर होतं, की ते प्रेम होतं. त्याच्यावर ओरडायचं म्हटलं तर कशाबद्दल ओरडायचं? ज्या मंडळींपुढे आपण उभ्या राहिलो ती आपली कधी नव्हतीच, ती उसनी आणून बसवलेली होती, आणि आणणारा संध्याकाळी चहा करून वाट पाहत होता. तरी एक आधार शिल्लक होता. बाईंनी तो चाचपून पाहिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्यांच्यापाशी. लोक भित्रे असतात, तुम्ही भिडस्त. झालं ते झालं." त्यांनी त्यांच्या कानामागचा साबण बोटाने निपटला. "आपल्या ठकूला काही त्यात ओढलं नाहीत ना? मला फक्त तेवढं सांगा."

विचारताना त्यांना उत्तराची खात्री होती. खरं तर ते ऐकून कामाला लागायचं म्हणूनच त्यांनी विचारलं होतं. साहेबांच्या मिटलेल्या पापण्या हलायला लागल्या आणि तोंडाची चांगली बाजू वाकडी झाली.

"अहो, विचारतेय मी."

"तीच पहिली," साहेब म्हणाले.

बाईंना ते शब्द कळले, पण कशाला जोडायचे ते कळेना. "पहिली कशी? माझी पहिली ती. मी दिला तिला बाप्तिस्मा. तुम्ही समोर बसला होतात."

"बसलो होतो." त्यांनी श्वास घेतला. "नंतरच्या बुधवारी तू इस्पितळात गेलीस. मी तिला मोठ्या चर्चमध्ये नेलं."

"कुणी सांगितलं? तुमच्या आईने?"

"आईने नाही. कुणीच नाही."

"मग?"

"मलाच झोप लागेना गं." ते आता रडत होते, पण झटक्यानंतर त्यांना रडू कशावरही येई, त्यामुळे बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "तू सगळं बरोबर केलं होतंस. शब्दन् शब्द बरोबर. पण रात्री वाटायचं, न जाणो. नसेल लागू पडलं तर? लेकरू आहे. न जाणो. म्हणून घातलं पाणी. झाडणारी बाई मागच्या दाराने आली, तिने पाहिलं. पुढच्या आठवड्यात ती स्वतःचं मूल घेऊन आली. म्हणाली, साहेब, तुमच्या मुलीला केलंत तसं माझ्याही लेकराला करा. तिला काय सांगणार? मग तिची जाऊ आली. मग सगळे."

म्हणजे लोक आपणहून आले नव्हते. लोकांनी त्या लहान चर्चमध्ये येऊन पोरं बाईंच्या हातात दिली होती, आणि तिथेच ते संपलं असतं. लोकांना कदाचित सवयही झाली असती. ते कारखान्याकडून सुरू झालं नव्हतं, ते या घरातून बाहेर गेलं होतं, यांच्या उशाजवळून, जिथे शेजारी झोपून बाईंना तेव्हा गाढ झोप लागत होती. त्या बोटभर वर धरलेल्या हाताचा धनी कोण हे जन्मभर शोधलं नाही, कारण तो बाहेरचा कुणीतरी असेल असं गृहीत धरलं होतं. बाईंनी पाण्याचा मग भरला. साबण सुकत चालला होता, तो डोळ्यांत जाईल म्हणून साहेब मान वर करून, चेहरा ताणून बसले होते, आणि त्यांच्या गळ्याची कातडी पातळ दिसत होती. हा मग त्यांच्या तोंडावर फेकून मारावा, असं बाईंना एक क्षण वाटलं. नंतर तेही वाटेनासं झालं.

"मला सांगायचं तरी," त्या म्हणाल्या. "ती गेली तेव्हा तरी."

"तेव्हा कसं सांगणार?" साहेबांनी चाचपडत डाव्या हाताने त्यांचा पदर धरला. "तेव्हा तर मला तोच आधार होता. तू तिला माती देत होतीस, आणि मी मनात म्हणत होतो, बरं झालं, मी ते करून ठेवलं. नाहीतर मी उभा राहू शकलो नसतो. तेवढ्याच एका गोष्टीवर उभा होतो मी."

मग बाईंच्या हातातच होता, पाणी निवत चाललं होतं, आणि साहेब डोळे मिटून थांबले होते. बाईंनी डाव्या हाताने त्यांचं कपाळ मागे धरलं आणि उजव्या हाताने पाणी ओतलं, मग पुन्हा भरून ओतलं, साबण पुरता जाईपर्यंत, बाप्तिस्म्याचे पाठ असलेले शब्द ओठांवर येऊ न देता.